हात घातलाच आहे तर…

गाडी आली ती टोचन करून. उसाच्या ट्रॅक्टरमागं लोखंडी बार लावलेला, टायरांत कालच हवा भरलेली आणि केबिनच्या टपावर उगवलेलं गवत तसंच. बॉनेटचा टाटा १२१०, आरसी बुकात १९७८ सालची नोंद. राधानगरीकडच्या एका गावात घरामागच्या पडवीला टेकून तो अकरा पावसाळे उभा होता.

बरोबर दोघे भाऊ होते. थोरल्यानं ट्रॅक्टरवरून उतरता उतरताच सांगितलं, "दादा, आबांची गाडी आहे. पैशाकडं बघू नका. पयलं इंजिन फुल करून टाका, मग बाकीचं."

'फुल' म्हणजे इंजिन उतरवून, क्रँक घासून, लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं घालून पुन्हा बांधणं. क्रँकला हात न लावता वरचं काम केलं की ते 'हाफ'. मी जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करतो, आणि माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक मालक पहिल्या पाच मिनिटांत 'फुल' म्हणतो. त्यामागं माया असते. वडिलांच्या गाडीसाठी काही कमी पडू द्यायचं नाही, ही भावना मला कळते. पण इंजिनाचा निर्णय मायेवर सोडला की कधी कधी चांगलं इंजिन हातचं जातं.

आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढून बोटांवर ऑइल चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, "मालक, उघडायचं काय, एका दिवसात उघडतंय. पन उघडायच्या आधी जे कळतंय ते उघडल्यावर कळत न्हाई."

हे वाक्य मी त्यांच्याकडून वीस वर्षांत अनेकदा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ते खरं निघालंय. धुराचा रंग, गरम झाल्यावरचं ऑइल प्रेशर, ब्रीदरमधून येणारा भपका, कुठल्या सिलिंडरचा आवाज वेगळा येतोय, हे सगळं चालत्या इंजिनातच असतं. एकदा ते सुटं होऊन कट्ट्यावर पसरलं की उरतात फक्त भाग. मग प्रत्येक भाग जुना दिसतो, आणि जुना दिसला की बदलावासा वाटतो.

"किती किलोमीटर चाललीय?" हा प्रश्न सगळेच विचारतात. या गाडीचा मीटर पाच आकडी, त्रेचाळीस हजारांवर अडकलेला आणि केबल तुटलेली. धाकट्यानं मग घरून आबांच्या वह्या आणल्या. आबा मालक-चालक होते. कोल्हापूरचा गूळ मुंबईला पोचवायचा आणि येताना मिळेल तो माल भरायचा. वहीत खेपांच्या तारखा, रव्यांची संख्या, डिझेल, घाटात उकळलेल्या पाण्यासाठी थांबलेले तास, सगळं एका बारीक, तिरक्या अक्षरात. जाऊन-येऊन साडेसातशे किलोमीटर, वर्षाला चाळीसेक खेपा. पंचवीस वर्षांचा हिशेब आम्ही शेडमध्येच खडूनं मांडला. साडेसात लाख. त्यानंतरची उसाची आणि विटांची स्थानिक वाहतूक वेगळी. आठ लाख धरा.

आठ लाख ऐकून थोरला म्हणाला, "बघा, म्हणजे फुलच."

तसं नसतं. डिझेल इंजिन झिजतं ते जास्त करून थंड असताना आणि धूळ खाताना. सकाळी एकदा सुरू होऊन रात्रभर एका चालीनं धावणाऱ्या इंजिनाचे आठ लाख आणि खडीच्या खाणीवर दिवसातून तीस वेळा बंद-चालू होणाऱ्या इंजिनाचे दोन लाख यांची बरोबरी होत नाही. शिवाय हे इंजिन कुठल्या घराण्यातलं, तेही बघावं लागतं. टेल्कोनं १९५४ साली जमशेदपूरला डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला, बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि 'टी' आलं, पण इंजिनाची बैठक तीच राहिली. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर अजून 'टाटा मर्सिडीज'च म्हणतात. या गाडीत होतं ६९२. सहा सिलिंडर आणि ब्याण्णव मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९२. त्याचा मोठा भाऊ ६९७, तो सत्त्याण्णवचा. या इंजिनांना टायमिंगचा पट्टा नाही, सगळे गिअर. क्रँकला सात मेन बेअरिंगं. ही इंजिनं सावकाश झिजतात, आणि झिजली की बऱ्याच आधीपासून सांगायला लागतात. आपण विचारायला हवं.

अकरा वर्षं उभ्या इंजिनाला पहिल्या दिवशी सेल्फ मारायचा नसतो. रिंगा कार्बनमध्ये चिकटलेल्या असतात, बोअरला गंज धरलेला असू शकतो, आणि सुकलेल्या बेअरिंगांत ऑइलचा थेंब नसतो. मिस्त्रींनी सहाही नोझल काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडलं आणि आठ दिवस गाडीकडे कोणाला फिरकू दिलं नाही. नवव्या दिवशी क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून त्यांनी इंजिन हातानं फिरवायला घेतलं. पाव फेरा गेलं आणि अडलं. जोर केला नाही. उलट फिरवलं, पुन्हा सुलट. असं करत करत तासाभरात पहिला पूर्ण फेरा झाला, तेव्हा दोघे भाऊ शेजारी उकिडवे बसून श्वास रोखून बघत होते. मग जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, जुना फिल्टर फेकू नको म्हणून हाताखालच्या पोराला बजावलं, एअर काढली आणि सेल्फ दिला.

आधी पांढऱ्या धुराचा लोट आला. मग खोकल्यासारखा आवाज, मग इंजिन धरलं. पण मिसिंग. मिस्त्रींनी नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करायला घेतले. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की डिझेल तुटतं आणि इंजिन लंगडतं. पहिला, लंगडलं. दुसरा, तिसरा, चौथा, तसंच. पाचवा सैल केला आणि आवाजात काहीच फरक नाही. पाचवा सिलिंडर कामच करत नव्हता.

इंजिन गरम झाल्यावर कॉम्प्रेशन मोजलं. शेडच्या पत्र्यावर खडूनं आकडे लिहिले: २४, २३, २४, २३, १५, २३. मी एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातल्या फरकाकडे बघतो. सगळे मिळून उतरलेले असतील तर इंजिन म्हातारं झालंय. एकच उतरला असेल तर त्या एका खोलीत काहीतरी घडलंय. ब्रीदरवर हात धरला तर बॅक कॉम्प्रेशन बेताचं. ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण उलटं करून ठेवलं तर ते थरथरलं, उडालं नाही. पण आणखी एक गोष्ट दिसली, ती मला आवडली नाही. गरम झाल्यावर स्लोला ऑइल प्रेशरचा काटा अर्ध्या किलोच्या खाली गेला. गाडीतल्या जुन्या काट्यावर विश्वास नको म्हणून दुसरा गेज लावला. तोही तेच बोलला.

इथं मला एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे ६९७ इंजिनाची एक गाडी आली होती. काळा धूर फार. मालक घाईत, मी उत्साहात. कॉम्प्रेशन न मोजता, नोझल न तपासता मी इंजिन उतरवलं. लायनर ठोकून काढले, नवे बसवायला ब्लॉक बाहेर मशीनशॉपला पाठवला. या इंजिनाचे लायनर सुके असतात. ब्लॉकच्या भोकात दाबून बसवायचे, मग बोअर करून होनिंग करायचं. लायनरच्या कॉलरखालची बैठक आरशासारखी स्वच्छ लागते. एका सिलिंडरच्या बैठकीत कार्बनचा पापुद्रा राहिला होता आणि कॉलर केसभर तिरकी बसली. ते मशीनशॉपनं बघितलं नाही आणि मीही बघितलं नाही. हेड घट्ट केलं, गाडी दिली. खंबाटकी चढताना गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये उतरलं, आणि गाडी रात्रभर घाटात उभी राहिली. इंजिन पुन्हा उतरवलं तेव्हा पंपवाल्याकडे नोझल पाठवले. सहापैकी दोन टेस्टरवर फवारा मारायच्या ऐवजी पाझरत होते. काळ्या धुराचं कारण एवढंच होतं. कारखान्यात बसवलेले, अजून चांगले असलेले लायनर मी भंगारात घातले होते. त्या मालकाचं नुकसान मी भरून दिलं, पण ती मूळ बैठक मी परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून मोजल्याशिवाय कुठलंही इंजिन उघडत नाही.

म्हणून पाचव्या सिलिंडरला आधी प्रश्न विचारले. नोझलच्या भोकातून ऑइल सोडून पुन्हा मोजलं. इथं हात आवरता घ्यावा लागतो. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी असते की जास्त ऑइल पडलं तर ते स्वतःच जागा अडवतं आणि आकडा खोटा वाढतो. दोन चमचे पुरे. आकडा पंधराचा सोळा झाला. रिंगा खराब असत्या तर तो चांगला उडी मारून वर गेला असता. मग पिस्टन वर आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि तिघं तीन ठिकाणी कान लावून बसलो. पोरगा रेडिएटरपाशी, मी ब्रीदरपाशी, मिस्त्री गाडीखाली सायलेन्सरच्या तोंडाशी. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही, म्हणजे गॅस्केट ठीक. ब्रीदरमध्ये नेहमीएवढीच कुजबुज, म्हणजे रिंगा ठीक. खालून मिस्त्रींचा आवाज आला, "हिकडं या. हिकडं फुसफुसतंय."

एक्झॉस्ट वॉल्व्ह. हेड उतरवल्यावर सगळी कहाणी समोर आली. अकरा वर्षांपूर्वी इंजिन ज्या क्षणी बंद झालं त्या क्षणी पाचव्याचा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा राहिला होता. राधानगरीच्या पावसातली दमट हवा अकरा वर्षं सायलेन्सरमधून त्या एका खोलीत येत-जात राहिली. वॉल्व्हच्या कडेला गंजाचे खड्डे पडले होते, आणि बोअरमध्ये, पिस्टन जिथं थांबला होता तिथं, बांगडीसारखी तांबूस रेघ. बाकीच्या पाच खोल्या कोरड्या.

आता आला खरा मोहाचा क्षण. हेड कट्ट्यावर, बोअर उघडे. थोरला म्हणाला, "दादा, आता हात घातलाच आहे तर पिस्टन-लायनर पण करूनच टाकूया की."

'हात घातलाच आहे तर' हे गॅरेजमधलं सगळ्यात महाग वाक्य आहे. त्याला थांबवायला शब्द उपयोगी पडत नाहीत, आकडे लागतात. बोअर गेज लावला. मूळ ९२ मिलिमीटर. सगळ्यात जास्त झीज दुसऱ्या सिलिंडरमध्ये, वरच्या टोकाला, ९२.११. वरची रिंग जिथून परत फिरते तिथं कड तयार होते. तिच्यावरून नख फिरवून बघायला मी धाकट्याला सांगितलं. नख अडखळलं, अडकलं नाही. पाचव्यातली रेघ बारीक पॉलिश पेपर आणि डिझेलनं घासली तर डाग राहिला, खड्डा नव्हता. रोज भरून घाट चढायचा असता तर मी या आकड्यांवर दोनदा विचार केला असता. ही गाडी वर्षातून काहीशे किलोमीटर रिकामी फिरणार होती. दसऱ्याला, गावच्या जत्रेला, आणि गुऱ्हाळं सुरू झाली की एखाद-दुसऱ्या खेपेला हौसेनं. तिला हे बोअर पुष्कळ झाले.

ऑइल प्रेशरचा प्रश्न मात्र तसाच होता. पोरानं जपून ठेवलेला जुना फिल्टर आणला. त्याचा कागद कापून पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर उन्हात पसरला. काळ्या गाळात बारीक चमक होती. चुंबक फिरवला तर ती चिकटली नाही. लोखंड नव्हे, बेअरिंगचा धातू. मग खालचं ऑइलचं चेंबर उतरवलं.

बिग एंडची पहिली कॅप काढली. बेअरिंगच्या शेलचा राखाडी मुलामा झिजून मधोमध तांबं दिसत होतं. अपेक्षित होतं. मिस्त्रींनी शेल उलटी केली, पाठ पुसली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ती माझ्या हातात दिली. पाठीवर छाप होता: ०.५०.

म्हणजे क्रँक एकदा घासलेला होता. हे इंजिन पूर्वी कधीतरी उघडलं गेलं होतं. दोघा भावांना याचा पत्ताच नव्हता. आबांनी इंजिनाला कधी हातसुद्धा लावला नाही, असं ते लहानपणापासून ऐकत आले होते.

धाकटा तिथंच पायरीवर बसून वह्या चाळायला लागला. अर्ध्या तासानं त्याला पान सापडलं. १९९०, दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे खेपच नाही. त्या जागी 'इंजिन काम', खाली लायनर, पिस्टन, क्रँक घासाई, मजुरी, आणि शेवटी एक रक्कम, ज्याच्यापुढं फक्त 'सोनार' असं लिहिलेलं. पुढच्या वहीत, १९९२च्या मे महिन्यात, गुळाच्या रव्यांच्या आणि डिझेलच्या ओळींमध्ये एक ओळ होती: 'पाटल्या सोडवल्या.'

थोरला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईनं कधी सांगितलं नाही."

त्या शेलनं माझा हिशेबही बदलला. आठ लाखांपैकी या लायनरांनी चार-साडेचार लाखच पाहिले होते, म्हणून बोअर इतके चांगले होते. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. क्रँक कितीही वेळा घासता येत नाही. आमच्याकडे घासायच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, पाव मिलिमीटरच्या, म्हणजे जुन्या मापात दहा थाऊच्या. या क्रँकच्या दोन पायऱ्या १९९० सालीच खर्च झाल्या होत्या. प्रत्येक घासणीत वरचा कडक थर पातळ होतो. आज 'फुल'च्या नावाखाली, गरज नसताना आणखी एक पायरी खर्च केली असती तर भावांच्या मुलांच्या वाट्याला काय राहिलं असतं? मायक्रोमीटर लावून सगळे जर्नल तपासले. गोल होते, ओरखडा नव्हता. क्रँक जागेवरून हलवायचा नाही, त्याच मापाच्या, ०.५०च्या नव्या शेल घालायच्या, असं ठरलं.

त्या शेल मिळवायला उद्यमनगरातली चार दुकानं आणि एका म्हाताऱ्या दुकानदाराचा माळा पालथा घालावा लागला. बसवायचं काम मिस्त्रींनी गाडीखाली झोपून केलं. बिग एंडच्या सहा सोप्या. मेनच्या सातांच्या वरच्या अर्ध्या शेल क्रँक न उतरवता काढायच्या म्हणजे कसब. क्रँकच्या ऑइलच्या भोकात छोटी पिन ठेवायची, क्रँक हळूच फिरवायचा, पिन शेलला ढकलत बाहेर आणते, आणि नवी शेल त्याच वाटेनं आत जाते. एकेका शेलला पाऊण तास. मागं चहा निवत होता.

इंजिन न उतरवण्याचं आणखी एक कारण होतं, ते मालकांना फारसं ठाऊक नसतं. ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर आणि आरसी बुकातला नंबर एकच असावा लागतो. 'फुल' करताना ब्लॉकला तडा निघाला, किंवा कोणी सोयीसाठी दुसरा ब्लॉक आणून दिला, तर आरटीओत नोंद बदलायचे खेटे सुरू होतात आणि गाडी कागदोपत्री वेगळी होते. केंद्र सरकारनं २०२१ साली पन्नास वर्षांपुढच्या व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. त्यातसुद्धा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. ते नियम दुचाकी आणि मोटारगाड्यांसाठी आहेत, ट्रक त्यात धरलेले नाहीत. ज्या गाड्यांनी या राज्याचा गूळ, कांदा, ऊस आणि विटा वाहिल्या त्यांनाही त्या यादीत जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मी 'फुल' करत नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. गेल्याच वर्षी एका गाडीचं केलं. तिच्या ऑइलच्या तोंडातून वाफेसारखा धूर येत होता, निळा धूर गरम झाल्यावरही जात नव्हता, सहापैकी चार सिलिंडर उतरलेले आणि डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. तिथं पैसे वाचवायला जाणं म्हणजे मालकाला फसवणं झालं असतं.

आबांच्या गाडीला एक एक्झॉस्ट वॉल्व्ह, सगळ्या वॉल्व्हचं ग्राइंडिंग, हेड गॅस्केट, तेरा जागच्या शेल, ऑइल पंपाची तपासणी, नोझलची सर्व्हिसिंग आणि नवे होजपाइप लागले. 'फुल'चा अंदाज सव्वा लाखाच्या घरात होता. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झालं, आणि उरलेले पैसे केबिनच्या सागवानी लाकडात आणि ब्रेकमध्ये गेले, जिथं त्यांची खरी गरज होती. गरम इंजिनावर स्लोला काटा आता एक किलोच्या वर थांबतो. पाचव्याचा आकडा २३ आला. पत्र्यावरचा पंधरा पुसून तो मिस्त्रींनी स्वतः लिहिला.

तुमच्या अंगणात अशी एखादी गाडी उभी असेल तर इंजिनाचं काय करायचं ते सावकाश ठरवा. पण पुढच्या पावसाच्या आधी सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा घट्ट बोळा घाला, एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकनं बांधा, आणि स्टिअरिंगला एक चिठ्ठी अडकवा: 'बोळा काढल्याशिवाय सेल्फ मारू नये.'